गोलावरची तिरकी रेघ

ईशान आणि तारा,

शाळेसाठी काढलेलं घराण्याचं झाड तुमच्या आईने फोनवर पाठवलं. झाड छान आहे. प्रत्येक लाल सफरचंदात एक नाव आहे आणि आजोबांच्या सफरचंदाला ताराने पंख काढले आहेत. ते पाहून माझा हात आपोआप पेन्सिलीकडे गेला. जन्मभर मीही हेच काढत आले, फक्त आमच्या कामात सफरचंदं नसतात. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. लग्न म्हणजे दोघांमधली आडवी रेघ, आणि मुलं तिच्याखाली टांगलेली, थोरलं डावीकडे. ज्याला आजार आहे त्याची आकृती काळी भरायची. जो हयात नाही त्याच्या आकृतीवर एक तिरकी रेघ मारायची. पंख नाहीत.

खाली ईशानने विचारलं आहे, 'आजी, तू नक्की काय काम करायचीस?' त्याच आठवड्यात एका दिवाळी अंकानेही कामाच्या आठवणी मागितल्या. एकच गोष्ट दोनदा लिहिण्याचा उत्साह आता राहिला नाही, म्हणून तुम्हाला आणि अंकाला मिळून हे एकच उत्तर. आईला वाचून दाखवायला सांगा.

मी परळला विद्यापीठाच्या एका विभागात आनुवंशशास्त्र शिकवत होते आणि पीएच.डी. करणाऱ्या मुलांना मार्गदर्शन करत होते. लोकांना वाटतं, हे काम म्हणजे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणं. प्रत्यक्षात फ्रीजरचं तापमान बघायचं, मागवलेलं रसायन कस्टममध्ये का अडकलं त्याचा पाठपुरावा करायचा, अनुदानाचे अहवाल लिहायचे आणि जिने चढायचे. आजार घराण्यातून कसा उतरतो ते पाहायचं तर घरी जावं लागतं, आणि आमच्या भागात घर बहुधा वरच्या मजल्यावर असतं. वर पोचलं की चहा. नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटायचं, हो म्हटलं तर मला रात्रभर जळजळ.

लोक तऱ्हेतऱ्हेचे भेटायचे. दादरचे एक गृहस्थ छापील कुलवृत्तांत घेऊन आले आणि अशा घराण्यात असलं काही असूच शकत नाही, हे मला बराच वेळ समजावत राहिले. त्यांचा मुलगा शेजारी मान खाली घालून बसला होता. तपासणी त्याचीच होती. एका सासूबाईंना सुनेच्या रक्ताचा अहवाल हवा होता, स्वतःच्या मुलाचा नको होता. सगळ्यांचा प्रश्न शेवटी एकच असायचा, की हे कुणाकडून आलं. मी सांगायचे की कुणाकडून आलं याला अर्थ नाही, पुढे कुणाला तपासायचं ते बघू. त्यावर मान डोलवून ते पुन्हा विचारायचे, 'पण आलं कुणाकडून?'

आता मुख्य गोष्ट. ती माझ्या शेवटच्या विद्यार्थिनीची, स्नेहलची आहे.

स्नेहल नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेली, हवालदाराची मुलगी. चाळी पाडून टॉवर होणार म्हणून त्यांना तात्पुरत्या घरात हलवलं होतं आणि तिची निम्मी पुस्तकं अजून खोक्यांत होती. तिचा विषय होता कानांचा. गिरणगावात बहिरा म्हातारा दिसला की लोक म्हणतात, साळखात्यात होता. साळखातं म्हणजे गिरणीतला मागांचा विभाग. तिथल्या खडखडाटात जन्म काढलेल्या माणसाचे कान जाणारच, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. स्नेहलचा प्रश्न साधा होता. काही घरांत गिरणीचं तोंड न पाहिलेल्या माणसांचेही कान का जातात? आणि गिरण्या बंद झाल्यावर जन्मलेल्या मुलांचे का?

अशी दोन घरं तिने शोधली. त्यांतल्या माणसांची नावं मी इथे बदलली आहेत. पहिलं काळाचौकीला, तात्यांचं. मूळचे मालवणकडचे, साळखात्यातून निवृत्त झालेले. त्यांचे कान कधीच गेले होते, मुलाचे जात होते, आणि नात संपदा बँकेत होती, तिला फोनवर आकडे चुकीचे ऐकू यायला लागले होते. दुसरं घर चिंचपोकळीला, सुमतीबाईंचं. मंडळी साताऱ्याकडची. मुलाचं स्टेशनजवळ लेथचं छोटं वर्कशॉप. सुमतीबाई आणि मुलगा दोघांकडेही कानाची यंत्रं, आणि दोघांचीही खिशात किंवा कनवटीला. या दोन्ही घरांत तिशीला कान जड व्हायचे, चाळिशीत घड्याळाची टिकटिक जायची, आणि पन्नाशीपर्यंत माणसांचं बोलणं.

दोन्ही घरांत एकाच जनुकात स्नेहलला एकच बदल सापडला. जनुक म्हणजे शरीर कसं बांधायचं याच्या सूचनेतलं एक वाक्य, आणि बदल म्हणजे त्यातलं चुकलेलं अक्षर. एका घरात सापडलं तर तो योगायोग असू शकतो. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन घरांत सापडलं, एक मालवणचं आणि एक साताऱ्याचं, तर तो पुरावा होतो. स्नेहलचा सगळा प्रबंध त्या 'दोन'वर उभा होता. तिने निबंध लिहून परदेशी नियतकालिकाकडे पाठवला. शिष्यवृत्ती संपत आली होती, पण निबंध छापून आला असता तर पुढचा मार्ग मोकळा होता. बाहेरच्या एका प्रयोगशाळेने तिला तशी आशाही दाखवली होती.

निबंध तपासणाऱ्याने एकच शंका काढली. त्या चुकलेल्या अक्षराच्या आजूबाजूचा मजकूर दोन्ही घरांत कसा आहे?

हे समजायला कापडाचा तागा डोळ्यांसमोर आणा. दर पिढीत तागा कापला जातो आणि दुसऱ्या ताग्याला जोडून शिवला जातो. त्यामुळे फार जुनं नातं असेल तर सारखं राहिलेलं कापड वीतभरच उरतं. नातं जवळचं असेल तर हातभर लांब तुकडा जसाच्या तसा सापडतो. स्नेहलने तपासलं तेव्हा तुकडा लांबच लांब निघाला. ती माझ्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, माझ्याकडून नमुने मिसळले असतील." स्वतःच्या हातून चूक झाली असावी अशी आशा धरणारी विद्यार्थिनी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. ताजे नमुने घेतले, उत्तर तेच आलं. ही दोन घरं नव्हती. एकच घर होतं, आणि त्यातल्या कुणालाच ते ठाऊक नव्हतं. निदान आमचा तसा समज होता.

मी तिला तात्यांच्या घराचं रेखाटन काढायला लावलं. तात्यांच्या पिढीत एक गोल होता, मोठी बहीण द्वारका, आणि त्यावर तिरकी रेघ. मी विचारलं, ही कशाने वारली? स्नेहल म्हणाली, ते फक्त 'ती गेली' म्हणाले, आणि पुढे विचारण्यासारखी परिस्थिती नव्हती.

परिस्थिती मला माहीत होती. कुणाच्या घरात काय आहे ते चार भिंतींबाहेर जाऊ द्यायचं नाही, ही आमच्या कामातली सगळ्यात कडक शिस्त. आणि आमची माणसं बहिरी. स्नेहल एका बाजूने ओरडून विचारायची, तात्या दुसऱ्या बाजूने ओरडून उत्तर द्यायचे आणि गॅलरीतल्या बायका मधले तपशील दुरुस्त करायच्या. 'तुमच्या घरात कोणाला वेड होतं का?' हा प्रश्न तिसऱ्या मजल्यावरून विचारला आणि उत्तर तळमजल्यावरून आलं. त्यानंतर स्नेहलने पाटी-पेन्सिल विकत घेतली. पण द्वारकेबद्दलचा प्रश्न पाटी यायच्या आधीचा होता.

चिंचपोकळीला मी तिच्याबरोबर गेले. गुडघे तेव्हाच कुरकुरत होते. सुमतीबाईंनी याआधी माहेरचं कोणी नाही असं सांगितलेलं होतं. त्या आमच्याशी बोलल्या त्या अगदी सातारी वळणाने, 'न्हाई' आणि 'व्हय' करत. सून खाली दूध आणायला गेली म्हणून चहा त्यांनी स्वतःच ओतायला घेतला, आणि गरम पातेल्याचा काठ बोटांना लागला. त्यासरशी त्यांच्या तोंडून एक अस्सल मालवणी शिवी बाहेर पडली. ती मी इथे लिहीत नाही. साताऱ्यात ती शिवी कुणी शिकवत नाही.

स्नेहलने माझ्याकडे पाहिलं. मी पाटीवर लिहिलं, 'माहेर मालवणकडचं का?'

त्यांनी वाचलं आणि पदराने पाटी पुसली. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही, पण त्या दिवशी त्यांनी तो नेमका बेतला. म्हणाल्या, माहेरी मी द्वारका होते, या घरात आल्यावर सुमती झाले.

तुम्हाला हे विचित्र वाटेल. आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. तुमच्या आजीचंही नाव असंच बदललेलं आहे. माहेरच्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नाही, म्हणून ते तुमच्या सफरचंदातही नाही. रक्त शोधत निघालेल्याला ही पद्धत फार गोंधळात टाकते. एकच बाई दोन घरांत दोन नावांनी राहते, आणि आमच्यासारखे लोक तिचे दोन गोल काढतात. त्यांतला एक मेलेला.

बाकीची हकिगत त्यांनी थोडक्यात सांगितली. पहिलं लग्न गावाला. नवरा मारायचा, म्हणून त्या काळाचौकीला परत आल्या. वडिलांनी काही महिने ठेवून घेतलं. गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात लागल्या, तिथे हे साताऱ्याचे गृहस्थ भेटले. जात वेगळी. वडिलांनी गॅलरीत उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की द्वारकी आजपासून आपल्याला गेली. धाकटा भाऊ दाराशी उभा होता. तो काही बोलला नाही.

मग त्यांनी मला विचारलं, "माझ्या रगतावरनं तुम्हास्नी कळलं, म्हंजी दुसऱ्या कुणाचं रगत तुमच्याकडं हाय. व्हय ना?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिले. एका घरातलं दुसऱ्या घरात न्यायचं नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. "गप ऱ्हायची तुमची रीत हाय, तर गप ऱ्हावा. पन ऐका. मी गेले न्हवते, मला घालवली. आता यायचं तर त्यानं यावं. तुम्ही सांगून आला, तर ते काय येनं न्हवं."

कागदावर माझा गोल काढा, नाव घालू नका, एवढीच परवानगी त्यांनी दिली.

परत येताना पुलावर स्नेहल थांबली आणि म्हणाली, "मॅडम, इथून काळाचौकीला चालत जाता येतं." मी म्हटलं, हो, पण आपण जायचं नाही. त्यावर ती स्टेशनपर्यंत माझ्या चार पावलं पुढे चालत राहिली.

तिच्यासमोर आता दुसराच प्रश्न होता. आमच्या विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तिला चहाला बोलावून समजावलं की दोन्ही घरं एकमेकांना ओळखत नाहीत, कागदोपत्री ती दोनच आहेत, तपासणाऱ्याला काहीतरी गोलमोल उत्तर दे आणि मोकळी हो. तिने मला येऊन विचारलं, असं केलं तर? मी म्हटलं, निबंध तुझा आहे, ठरव तू. माझी सही मात्र एकाच घराखाली होईल. हे बोलणं सोपं होतं. माझी नोकरी पक्की होती आणि निवृत्तिवेतन ठरलेलं होतं.

तिने निबंध मागे घेतला. पत्र तिनेच लिहिलं, मी फक्त स्वल्पविराम बदलले. शिष्यवृत्ती संपली, बाहेरच्या प्रयोगशाळेने दुसऱ्या कुणाला घेतलं, आणि स्नेहल दादरला रक्त तपासणाऱ्या एका लॅबमध्ये नोकरीला लागली. दिवसभर लोकांची साखर मोजायची आणि संध्याकाळी येऊन प्रबंध पुन्हा लिहायची. दोन घरांच्या अभ्यासाचा तो एका मोठ्या घराचा अभ्यास झाला. खरा, नेटका आणि पहिल्यापेक्षा लहान. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्या गोलावर बोट ठेवलं आणि विचारलं, मधल्या अहवालात ही बाई मृत होती, आता जिवंत कशी? स्नेहल म्हणाली, "सर, आम्ही नीट विचारलं नव्हतं." परीक्षक हसले. तिला पदवी मिळाली. ती आजही त्या लॅबमध्येच आहे, आता तिथली प्रमुख. संशोधनात ती राहायला हवी होती. मला तिला ठेवता आलं नाही. याचा विचार मी करते आणि मग करायचं सोडून देते, कारण त्यातून काही निघत नाही.

पण परीक्षेच्या आधीचं एक राहिलं.

संपदाचा अहवाल समजावून द्यायला मी तिला आणि तात्यांना विभागात बोलावलं. आमच्याकडे कानांची तपासणी मंगळवारी आणि गुरुवारी असे. तात्यांच्या घरचे मंगळवारी यायचे, सुमतीबाईंच्या घरचे गुरुवारी. हे वार मीच लावून दिले होते, आणि का ते तुम्हाला आता कळलंच असेल. संपदा आत तपासणीला गेली. तात्या माझ्या खोलीत एकटे होते. दार बंद, कानात यंत्र, आणि मधे बोलणारी गॅलरी नाही. मी त्यांच्यापुढे त्यांच्या घराचं रेखाटन ठेवलं. प्रबंधातल्या नव्या रेखाटनात द्वारकेवर रेघ नव्हती. पण घरच्यांना द्यायच्या या प्रतीवर मी ती तशीच ठेवली होती, कारण पुसली असती तर त्या पुसण्यानेच सगळं सांगून टाकलं असतं.

तात्यांनी चष्मा लावला आणि त्या गोलावर बोट टेकवलं.

"ही रेग कसली?"

मी सांगितलं, ती व्यक्ती आता हयात नाही अशी खूण.

"कोणी सांगितलान?"

"तुम्हीच, तात्या. ती गेली म्हणालात."

त्यांनी चष्मा काढला. "गेली म्हटलंय. मेली असा खंय म्हटलंय? खंय गेली, ता तुम्ही इचारलात?"

सगळी चाळ ऐकत असताना त्यांनी वापरला तो वडिलांचाच शब्द होता. खोटं त्यांनी काहीच सांगितलेलं नव्हतं.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "ती बरी आसा?"

"मला सांगता येत नाही, तात्या. कुणाबद्दलच सांगता येत नाही."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली. "म्हणजे आसा," ते म्हणाले.

इतकी वर्षं काळजीपूर्वक गप्प राहूनही आपल्या गप्प राहण्यातून लोक सरळ वाचतात, हे मला निवृत्तीच्या तोंडावर कळलं.

पुढच्या मंगळवारी तात्या पुन्हा आले. तपासणी नव्हती, कुणी बोलावलं नव्हतं. बाहेरच्या बाकावर यंत्र कानात घालून बसले आणि येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या बाईकडे बघत राहिले. दुपारी उठून गेले. त्याच्या पुढच्या मंगळवारीही तेच. शिपायाने विचारलं तर म्हणाले, यंत्राची सवय करतोय. मी खोलीतून जाता-येता त्यांना पाहत होते. त्या दिवसांत मला नीट झोप लागत नव्हती. एका बाजूला माझी शिस्त होती आणि दुसऱ्या बाजूला चुकीच्या वारी बसलेला एक म्हातारा. सुमतीबाईंचं बोलणं मी मनात पुन्हा पुन्हा तपासलं. सांगून आला तर ते येणं नव्हे, असं त्या म्हणाल्या होत्या. पण हा तर न सांगताच आला होता. त्याचा फक्त वार चुकत होता.

चौथ्या की पाचव्या मंगळवारी मी त्यांच्यापाशी थांबले आणि म्हटलं, "तात्या, मंगळवारी इथे फार गर्दी असते. तुम्हाला बसायचंच असेल तर गुरुवारी बाक मोकळा असतो."

त्यांनी यंत्र थोडं दाबून बसवलं. नीट ऐकू आलं का, हे मी विचारलं नाही.

त्या गुरुवारी मी सकाळपासून खोलीबाहेर पडले नाही. अनुदानाचा अहवाल पुढ्यात होता आणि एकच ओळ मी पुन्हा पुन्हा वाचत होते. बाहेर तपासणीवाल्यांची नेहमीची ये-जा चालू होती, नावं पुकारली जात होती. मग एकदम सगळं शांत झालं. आणि बंद दारातून, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, म्हाताऱ्या बाईच्या तोंडची ती मालवणी शिवी आली, जी मी इथे लिहीत नाही. तिच्यापाठोपाठ एका म्हाताऱ्याचं रडणंही तेवढ्याच मोठ्याने ऐकू आलं. दोघांनाही आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नव्हतं.

वऱ्हांड्यात माणसं जमा व्हायला लागली होती. मी उठले, बाहेर जाऊन सगळ्यांना आपापल्या कामाला लावलं आणि त्या दोघांकडे न बघता परत येऊन दार नीट लावून घेतलं. कुणाच्या घरातलं बाहेर जाऊ द्यायचं नाही, ही आमच्या कामातली शिस्त.